हप्ता पगारात बसतो, पण गाडी बसते का?

गणपतीच्या दिवसांत मावसभाऊ घरी आला होता. आरती-जेवण आटोपल्यावर त्याने खिशातून शोरूमचं कोटेशन काढून माझ्यापुढे ठेवलं. "दादा, हप्ता सोळा हजार सहाशे बसतोय. पगारातून निघेल. बुक करू ना?"

तो पिंपरीत नोकरी करतो, पैशाला जपून आहे आणि विचारत होता तेही मनापासून. पण गाडी परवडते की नाही हे हप्त्यावरून ठरत नाही. गाडीचा पैसा सहा-सात वाटांनी जातो. शोरूमवाला, बँक, विमा कंपनी, गॅरेज आणि पंप, प्रत्येक जण आपापलं बिल दाखवतो. सगळ्यांची बेरीज करून कोणी हातात देत नाही. ती आम्ही त्या संध्याकाळी केली. इथे तीच मांडतो, कारण हा प्रश्न आज हजारो घरांत विचारला जात असणार.

आधी कोटेशन. गाडी पेट्रोलची, लहान, एक्स-शोरूम किंमत ९ लाख. या किमतीत जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांवर (पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत) तो १८ टक्के आहे, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के. त्यावर राज्याचा वाहनकर. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर सरसकट २० टक्के. हा कर पंधरा वर्षांचा एकदम भरायचा असतो, म्हणून आकडा मोठा दिसतो. आमच्या कागदावर तो ९९ हजार होता. विमा, नोंदणी, फास्टॅग धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेदहा लाख.

कोटेशनमध्ये खाली आणखी दोन ओळी होत्या: "हँडलिंग चार्जेस" आणि "एसेन्शियल किट". यातलं काहीही कायद्याने बंधनकारक नाही. मॅटिंग आणि सीट कव्हर बाहेर निम्म्या पैशांत बसतात. हँडलिंग कशाचं, हे लेखी मागितलं की ती ओळ बहुतेक वेळा निघून जाते. विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असंही कुठे नाही. तीच कव्हर सांगून दुसऱ्या कंपनीचा दर आणायचा आणि समोर ठेवायचा. एवढ्यावर भावाचे पंधरा-वीस हजार वाचू शकत होते, पण खरा खर्च याच्या पुढे होता.

पाच वर्षांची बेरीज

आम्ही धरलं ते असं: वर्षाला १० हजार किलोमीटर, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १४ चं मायलेज, पेट्रोल १०४ रुपये, कर्ज ८ लाख, व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षं. आणि पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना विकली जाईल. हे आकडे आमचे अंदाज आहेत, तुम्ही तुमचे घाला. पद्धत तीच राहते.

पहिली रक्कम घसाऱ्याची. साडेदहा लाखांत घेतली, साडेचारला विकली, म्हणजे सहा लाख गेले. महिन्याला दहा हजार. या दहा हजारांचं बिल कोणी पाठवत नाही, मोबाइलवर मेसेज येत नाही, गाडी नुसती सोसायटीत उभी असली तरी ते जात राहतात. गाडीच्या खर्चातला हा सगळ्यात मोठा भाग, आणि घरोघरच्या हिशेबात नेमका हाच नसतो.

मग व्याज १ लाख ९६ हजार. पुढच्या चार वर्षांचा विमा ८८ हजार. सर्व्हिसिंग, चार टायर, एक बॅटरी, ब्रेक पॅड, अलाइनमेंट मिळून ९० हजार. पेट्रोल ३ लाख ७१ हजार. पार्किंग, धुलाई, टोल, पीयूसी आणि अधूनमधून येणारं चलन, महिना दीड हजार धरून ९० हजार. हप्त्यातलं मुद्दल वेगळं धरायचं नाही, ते गाडीच्या किमतीत आलंच आहे.

एकूण १४ लाख ३५ हजार. महिन्याला जवळपास २३,९००. किलोमीटरला २८ रुपये ७० पैसे.

भाऊ त्या शेवटच्या आकड्याकडे बघत राहिला. त्याच्या मनात किलोमीटरला साडेसात रुपये होते, कारण पेट्रोलचे तेवढेच होतात. म्हणून तो रिक्षा-कॅबचं भाडं महाग समजत होता. पंप डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे आपण मायलेजवर तासभर वाद घालतो. पण या हिशेबात पेट्रोल पाव हिश्श्याहून थोडंच जास्त आहे.

आता तीच गाडी दहा वर्षं ठेवली तर? पुढच्या पाच वर्षांत किंमत साडेचारवरून पावणेदोन लाखांवर येईल असं धरलं. व्याज संपलेलं. दुरुस्ती मात्र दुपटीहून जास्त, २ लाख. विमा ७५ हजार, पेट्रोल आणि वरखर्च आधीएवढाच. बेरीज १० लाख ११ हजार, म्हणजे महिन्याला सुमारे १६,८५०. सातव्या वर्षी क्लचचं आणि सस्पेन्शनचं ४० हजारांचं बिल आलं की लोक वैतागून म्हणतात, "आता ही काढून टाकू, खर्चाला लागली." त्या वैतागात नवीन गाडी बुक होते आणि दहा हजार महिन्याचा घसारा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. जुन्या गाडीची दुरुस्ती एकदम आणि रोख द्यावी लागते म्हणून ती टोचते, एवढंच. सांगाडा गंजलेला नसेल आणि इंजिन धड असेल तर ते ४० हजार घालणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

कर्जाबद्दल थोडक्यात. हेच ८ लाख सात वर्षांना घेतले तर हप्ता १२,८७१ वर येतो, आणि विक्रेता तोच पुढे करतो. पण व्याज १ लाख ९६ हजारांचं २ लाख ८१ हजार होतं. गाडीचं कर्ज बहुधा ठरावीक दराचं असतं, त्यामुळे लवकर फेडताना दंड किती ते सही करण्याआधी वाचून घ्या. आणि "फ्लॅट रेट" शब्द ऐकलात तर थांबा. त्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. ७ टक्के फ्लॅट ऐकायला कमी वाटतो, पण पाच वर्षांच्या कर्जात तो घटत्या शिलकीच्या १२-१३ टक्क्यांएवढा पडतो.

विमा: क्लेम करायचा की नाही?

विम्याचे दोन भाग. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. त्यामुळे त्यात घासाघीस होत नाही. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ओन डॅमेज. सगळा फरक आणि सगळी भांडणं या भागात आहेत.

यात आयडीव्ही म्हणून एक रक्कम असते. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त तेवढे पैसे मिळतात. प्रीमियम कमी दिसावा म्हणून काही एजंट आयडीव्ही खाली ओढून देतात. हजार-दीड हजार वाचल्याचा आनंद होतो, आणि गाडी खरंच गेली तर लाखभर कमी हातात येतात.

भागांच्या घसाऱ्याचंही असंच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी बदलली तर कंपनी निम्मेच पैसे देते. काचेला कपात नाही. धातूच्या भागांना गाडीच्या वयानुसार कपात वाढत जाते. आजच्या गाडीचं पुढचं-मागचं तोंड प्लास्टिकचंच असल्यामुळे ही कपात टाळणारं झीरो डेप्रिसिएशनचं कव्हर निदान पहिली पाच वर्षं घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्या शेजाऱ्यांना पडलेला प्रश्न. पार्किंगच्या खांबाला बंपर घासून तुटला. नवा बंपर १२ हजार. झीरो डेप्रिसिएशन नाही. निम्मे कापले, ६ हजार उरले. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीची वजावट. कंपनीकडून मिळाले ५ हजार. आणि गेलं काय? क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट. ही सूट पाच टप्प्यांत वाढते: २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. त्यांची तीन वर्षं क्लेमशिवाय गेली होती, चौथं चालू होतं, पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के मिळणार होते. ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम १२ हजार, आणि तो तेवढाच राहतो असं धरलं तर पुढच्या पाच वर्षांत त्यांची १४,४०० रुपयांची सूट जाते. पाच हजारांसाठी चौदा हजार. त्यांना हे कोणी सांगितलं नाही, कारण वर्कशॉपला क्लेमचं काम हवंच असतं.

ही सूट गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकताना ती नव्या मालकाकडे जात नाही. आपण ती आपल्या पुढच्या गाडीवर लावू शकतो, त्यासाठी विमा कंपनीकडून पत्र मागून घ्यायचं. आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जमलेली सूट बुडते.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीला पाणी ओसरल्यावर लोक पहिलं काम करतात ते चावी फिरवण्याचं. ते कधीही करू नका. इंजिन हवा आत ओढून ती दाबतं. हवेच्या जागी पाणी गेलं तर पाणी दाबलं जात नाही, मग आतला कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. विमा कंपनी म्हणते की पूर आला हे मान्य, पण इंजिन तुमच्या चावीने गेलं. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल तर तो क्लेम अडकतो. बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी टो करून न्यायची.

गॅरेजमधला मनस्ताप

माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून स्पीडब्रेकरवर "खट्खट्" आवाज यायचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. दोन्ही शॉकअप बदलले, चौदा हजार झाले. आवाज तसाच. पुन्हा नेली तेव्हा स्टीअरिंग रॅकवर बोट ठेवलं आणि पस्तीस हजारांचं एस्टिमेट दिलं. मी गाडी परत आणली आणि भोसरीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीत बसून चक्कर मारली, मग जॅकवर चढवून एकेक सांधा हाताने हलवून पाहिला. लिंक रॉडचा बॉल झिजला होता. मजुरीसकट बाराशे रुपये.

मला तेव्हा खूप राग आला होता. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा त्यातली रचना लक्षात आली, आणि ती कळणं रागापेक्षा जास्त उपयोगी आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये आपण बोलतो ते सर्व्हिस ॲडव्हायझरशी. तो जॉब कार्डवर लिहितो "सस्पेन्शन नॉइज". गाडीखाली जाणाऱ्या मुलापर्यंत हे दोनच शब्द पोहोचतात. तो आवाज त्याने कधी ऐकलेलाच नसतो. शिवाय बिल होतं ते बदललेल्या भागाचं आणि बदलण्याच्या मजुरीचं. अर्धा तास शोधाशोध करण्याचे पैसे कुठल्याच ओळीत येत नाहीत. मग शोधण्यापेक्षा बदलणं सोपं पडतं.

म्हणून आता मी जॉब कार्डवर लक्षण लिहून घेतो, उपाय नाही. "डाव्या पुढच्या चाकातून, वीसच्या वेगाला, फक्त खड्ड्यात आवाज" असं. आणि गाडी सोडण्याआधी ती दुरुस्त करणाऱ्या माणसाला शेजारी बसवून चक्कर मारतो. थोडं थांबावं लागतं, पण कोणी नाही म्हणत नाही. भागाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहायला लावतो, वाढीव कामाची परवानगी फोनवर न देता लेखी मेसेजवरच देतो, आणि बदललेले जुने भाग डिकीत ठेवायला सांगतो. पैसे मोजलेला जुना भाग आपलाच असतो.

सर्व्हिसिंगच्या वेळी सुचवल्या जाणाऱ्या जास्तीच्या कामांना, म्हणजे इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, फ्युएल ॲडिटिव्ह यांना, एकच कसोटी आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कितव्या किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता असतो. त्यात नसेल ते ऐच्छिक. नवी गाडी विकून शोरूमला फारसं सुटत नाही, त्यांचं पोट वर्कशॉप, विमा आणि ॲक्सेसरीजवर चालतं. ॲडव्हायझरलाही महिन्याचं टार्गेट असतं. त्याच्यावर ओरडण्यापेक्षा तक्ता उघडून दाखवला की विषय मिटतो.

बाहेरच्या गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. अस्सल भाग आणि गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी उपकरणं त्यांना सहज मिळत नाहीत, म्हणून आपल्याला अधिकृत वर्कशॉपशिवाय पर्याय उरत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणावरून १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता आणि सुटे भाग खुल्या बाजारात द्यायला सांगितलं होतं. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं. आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीपर्यंत यातलं जितकं पोहोचायला हवं होतं तितकं पोहोचलेलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. दहावी-आयटीआय करून गाडी कानाने ओळखणारी ही माणसं आहेत.

तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आधी नोंदवा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. जॉब कार्ड, बिलं आणि लेखी मेसेज इथे कामाला येतात.

मग भाड्यानेच घेतली तर?

लीज म्हणजे गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीची, वापर आपला, दर महिन्याला भाडं. विमा, सर्व्हिसिंग, टायर बहुधा त्यातच. भाऊ म्हणाला, "म्हणजे घसाऱ्याची कटकटच नाही!" घसारा असतोच. भाडं ठरतं ते असं: आजच्या किमतीतून मुदतीनंतरची अंदाजे किंमत वजा करायची, उरलेली रक्कम महिन्यांत वाटायची, त्यात व्याज, विमा, देखभाल, कंपनीचा नफा आणि जीएसटी मिसळायचा. आपल्या वरच्या बेरजेतल्याच ओळी, फक्त एका बिलात बांधलेल्या. त्यात सोय आहे आणि अचानक येणाऱ्या खर्चाची धास्ती नाही. स्वस्ताई मात्र आपोआप येत नाही.

करारात चार गोष्टी शोधा: वर्षाची किलोमीटर मर्यादा आणि ती ओलांडल्यावरचा दर, मध्येच सोडल्यास दंड, परत करताना ओरखड्यांचे पैसे कसे मोजणार, आणि नंबरप्लेट कुठली. गोव्यात फिरायला गेलेल्यांनी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं पाहिली असतील. ती भाड्याने देण्यासाठी परवाना असलेली गाडी. काही योजनांत अशी पाटी मिळते, काहींत पांढरी.

नोकरीतून मिळणारी लीज वेगळी. भाडं पगारातून कर लागण्याआधी कापलं जातं, त्यामुळे ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला खरा फायदा होऊ शकतो. पण गाडी कंपनीच्या नावावर असेल तर तो २० टक्के वाहनकर भाड्यात शिरलेला असू शकतो. क्लेम न केल्याची सूटही आपल्या नावावर साठत नाही. आणि नोकरी बदलली की नव्या कंपनीने लीज पुढे चालवली तर ठीक, नाहीतर उरलेली रक्कम एकदम भरून गाडी घ्यावी लागते. भाऊ दोन वर्षांत नोकरी बदलायच्या विचारात आहे, म्हणून मी त्याला हे नको म्हटलं.

शेवटी भावाने विचारलं, "मग जुनी घेऊ?" तीन वर्षांची गाडी घेतली तर सर्वांत मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. काळजी कागदांची घ्यायची. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, थकीत चलनं किती, सर्व्हिसचा इतिहास काय. बँकेचं कर्ज फिटलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरला असेल असं धरू नका. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ लावून तो उतरवावा लागतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. गाडी तीन वर्षांची आणि टायर पाच महिन्यांचे असतील तर मीटरवरचे किलोमीटर किती खरे, ते विचारा.

विकणाऱ्यालाही सांगतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी दिली म्हणजे सुटलो असं नाही. आरसीवर नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात, गाडी हातोहात पुढे विकली गेली असतानाही, नोंदणीवर नाव असलेल्यालाच भरपाईला जबाबदार धरलं होतं. ओळखीत विकली असली तरी नाव बदलल्याची खात्री स्वतः ऑनलाइन करून घ्या.

भावाने ते कोटेशन घडी घालून परत खिशात ठेवलं. येत्या रविवारी आम्ही चिंचवडला एक तीन वर्षं जुनी गाडी बघायला जाणार आहोत. भोसरीचे मिस्त्री सोबत यायला तयार झालेत. त्यांनी गाडी रात्रभर बंद ठेवायला आणि आम्ही पोहोचेपर्यंत सुरू न करायला सांगून ठेवलंय, त्यांना थंड इंजिनचा पहिला आवाज ऐकायचा आहे.